बी. बी. किंगचे सोळा गुण आणि मे महिन्यातली विक्री

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या मायबहिणींनो,

आधी एक खुलासा करून टाकतो, नाहीतर रात्री नाटकाच्या मंडपात कोणीतरी माझी कॉलर धरेल. आज सकाळपासून ऑटोला भोंगा बांधून गावभर जे पुकारणं झालं, 'शेअर बाजारात लवकर श्रीमंत कसं व्हावं, मोफत मार्गदर्शन', तो माझा विषय नाही. मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, 'शेअर बाजाराचे हंगाम : खरे किती, खोटे किती'. भोंगेवाल्या पोराला ते लांबलचक वाटलं असेल. किंवा त्याला धंदा कळतो म्हणा. मागच्या साली याच जागेवर मी 'पीककर्जाचं नवं-जुनं', म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं, या विषयावर बोललो तेव्हा समोर अकरा माणसं होती, आणि त्यातली दोन मंडपवाल्याची, खुर्च्या उचलायला थांबलेली. आज पार पानठेल्यापर्यंत पोरं उभी आहेत. हातात मोबाईल, मोबाईलात डिमॅट.

त्या पोरांसाठी एकच आकडा सांगतो, म्हणजे ज्यांना जायचं त्यांना जाता येईल. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2024 साली हिशेब मांडला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, उतरलेल्या तुमच्या-माझ्यासारख्या माणसांपैकी 93 टक्के तोट्यात होती. उरलेल्या सात टक्क्यांत आपल्या गावचं कोणी असेल तर हात वर करा. करा, करा. मी आता रिटायर आहे, सोसायटीची वसुली नाही काढत. (हशा) एकही नाही. बरं.

माझी ओळख अध्यक्षांनी 'अर्थतज्ज्ञ' अशी करून दिली. मी एकतीस वर्षं सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो. अर्थ कमी आणि तज्ज्ञ त्याहून कमी. पण त्या एकतीसपैकी चौदा हंगाम मी रात्री एका नाटक कंपनीत गिटार वाजवली, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मी सांगतो, कारण माझ्या डोक्यात बरीच वर्षं एक किडा वळवळतो आहे. बाजाराला कोणता महिना सगळ्यात चांगला, हा वाद आणि जगातला सगळ्यात मोठा गिटारवाला कोण, हा वाद, हे दोन्ही एकच वाद आहेत. कसे ते सांगतो. मला नऊपर्यंत वेळ दिला आहे, दहाला पडदा उघडायचा आहे. बघू.

हंगाम म्हणजे काय ते झाडीपट्टीतल्या माणसाला शिकवायला नको. भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते; मंडई भरली की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि शंकरपट म्हटला की रात्री नाटक. वडशाला नाटक कंपन्यांच्या ऑफिसांचे बोर्ड एका ओळीत लागतात, तारखा विकल्या जातात, आणि होळीपर्यंत गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियात अशी रात्र नसते जिला कुठल्या ना कुठल्या गावात पडदा उघडला नाही. होळीनंतर सगळं चिडीचूप. आता कोणी पुण्याहून आला, त्यानं शंभर वर्षांच्या तारखा लिहून काढल्या आणि सांगितलं की झाडीपट्टीत कार्तिक ते फाल्गुन या काळात माणसाच्या मनात नाट्यप्रेम उचंबळतं, तर तुम्ही हसाल. तुम्हाला कारण माहीत आहे. धान कापून झालेला असतो, पुंजणे लागलेले असतात, मळणी सुरू असते. हातात पैसा असतो, पोरीबाळी माहेरी आलेल्या असतात, रात्री पाऊस नसतो. आणि ज्या साली धानाचे चुकारे, म्हणजे विकल्याचे पैसे, उशिरा आले त्या साली नाटकंही उशिरा लागली, हे मी माझ्या पगारावरून सांगतो. कंपनीनं मला एकदा सहा नाटकांचे पैसे दिले नव्हते. मालक म्हणाला, "गावानं दिले नाही जी." गाव म्हणालं, "धान खरेदी केंद्रानं दिले नाही जी." ते पैसे अजून यायचे आहेत. सहा रात्री, दर रात्रीचे एकशे वीस. व्याज धरत नाही.

असो. तर खऱ्या हंगामाच्या मागे कोणाचा तरी खिसा असतो, आणि तो खिसा का भरला किंवा का रिकामा झाला हे सांगता येतं. एवढं लक्षात ठेवा, शेवटी लागेल. आता गिटार.

हे 1994-95 च्या हंगामातलं आहे. नाटक संपायचं पहाटे पाच-साडेपाचला. सामान मेटॅडोरमध्ये टाकायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. वाटेत एका फाट्यावर चहाची टपरी होती, तिथे थांबा. आम्ही चौघं. एक आमचे ऑर्गनवाले मास्तर, वयानं मोठे, पंचवीस वर्षं एकच मफलर. दुसरा ऑक्टोपॅडवाला पोरगा, नागपूरला एक वर्ष कॉलेज करून परत आलेला, म्हणून त्याला इंग्रजी गाण्यांतलं सगळं कळायचं. तिसरा लाइटवाला. चौथा मी. थंडी अशी की चहाचा कप पिण्यासाठी कमी आणि धरण्यासाठी जास्त.

त्या पहाटे पोरगा सहज बोलून गेला, "जगात गिटार एकानंच वाजवली जी, जिमी हेन्ड्रिक्सनं. बाकी सगळे तारा खाजवतात." आता मी तिथेच बसलेलो, मांडीवर गिटार. मास्तरांना माझी दया आली नाही, पण मुद्दा त्यांना खपला नाही. ते म्हणाले, "आपल्या विश्वमोहन भट्टला ग्रॅमी भेटली याच साली, ते काय फुकटची भेटली का?" खरं होतं. राय कूडर या अमेरिकन गिटारवाल्याबरोबरच्या रेकॉर्डला 1994 साली ग्रॅमी मिळाली होती आणि पेपरात फोटो आला होता. पोरगा म्हणाला, "ती गिटार कुठं होय? ती मोहनवीणा." मास्तर भडकले. "काहून रे, बक्षीस भेटताना गिटार आणि तुझ्या हेन्ड्रिक्सला हरवताना वीणा?" लाइटवाल्यानं तोपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. तो म्हणाला, "मले बाकी काही मालूम नाही. 'दम मारो दम' सुरू होते ना, तेव्हा जो गिटार वाजते, तो वाजवनारा सगळ्यात मोठा. कोन आहे तो?" मी सांगितलं, भूपिंदर सिंग, तेच गझलवाले. तो म्हणाला, "मंग तोच. गातो पन, वाजवतो पन."

आणि मी? मी जँगो राइनहार्टचा माणूस. पॅरिसच्या बाहेर जिप्सींच्या गाड्यांच्या वस्तीत राहायचा. 1928 साली गाडीला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली. डॉक्टर म्हणाले संपलं. त्यानं उरलेल्या दोन बोटांवर पळण्याची नवीनच रीत काढली आणि युरोपला जॅझ शिकवला. हे मी सांगितल्यावर लाइटवाला म्हणाला, "दोन बोटांनी वाजवते म्हनून मोठा, तर आमचा बुढा एका डोळ्यानं सायकल चालवते." (हशा) यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

चार रात्री हा वाद चालला. एका गावात तर मध्यंतरात विंगेत चालला, आणि नायिका रडायला स्टेजवर उभी राहिली तरी गिटार वाजेना, तेव्हा प्रॉम्प्टरनं मला चप्पल फेकून मारली. शेवटी मी म्हटलं, मी गटसचिव आहे, कीर्द लिहितो, हिशेबानं निकाल लावू. सोसायटीच्या एका जुन्या कीर्दीत मागे कोरी पानं होती. रेघा मारल्या. प्रत्येकानं पाच नावं द्यायची. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला चार, असं उतरत पाचव्याला एक. नावं गुपचूप, माझ्या कानात. टपरीवाला साक्षीदार.

बेरीज केली. पहिला आला बी. बी. किंग, अमेरिकेतला ब्लूज वाजवणारा.

सोळा गुण. हेन्ड्रिक्सला तेरा, बाकीचे त्याच्या खाली. आम्ही चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. बी. बी. किंगला पहिला कोणी म्हटलं? कोणीच नाही! चौघांनीही त्याला दुसरा दिला होता. चार चोक सोळा. ज्याला एकाही माणसानं सर्वांत मोठा म्हटलं नाही तो हिशेबानं सर्वांत मोठा. मास्तर म्हणाले, "सचिवसायेब, तुमच्या सोसायटीचा निकाल असाच लागते म्हना."

आता पुढचं ऐका, मला ते कळायला दोन वर्षं लागली. चौघांनीही त्यालाच दुसरा का दिला? मेटॅडोरमध्ये एक टेप होता. तो कॅसेट खायचा. हेन्ड्रिक्सची खाल्ली, भट्टांची खाल्ली, माझी जँगोची तर आतडी काढल्यासारखी बाहेर काढली. एकच कॅसेट वाचली होती, बी. बी. किंगची. दोन हंगाम आम्ही ती ऐकत होतो. प्रत्येकाचा पहिला नंबर मनातला होता, दुसरा मात्र मेटॅडोरमधला होता. आम्ही गिटारवाल्यांना गुण दिले नव्हते, न खाल्लेल्या कॅसेटला दिले होते.

बी. बी. किंग साधा माणूस आहे असं मात्र कोणी समजू नका. त्याच्या गिटारीचं नाव ल्युसील, ते का, हे तर सांगायलाच पाहिजे, आपल्या लोकांना आवडेल. 1949 सालची हिवाळ्याची रात्र, आर्कान्सामध्ये ट्विस्ट नावाचं खेडं. नाचगाण्याचा हॉल, आणि ऊब यावी म्हणून मधोमध पिंपात रॉकेल टाकून पेटवलेलं. दोन गड्यांची मारामारी जुंपली, पिंप उलटलं, हॉल पेटला. सगळे बाहेर पळाले, किंगही पळाला, आणि बाहेर आल्यावर आठवलं की गिटार आत राहिली. परत आगीत शिरला आणि घेऊन आला. दुसऱ्या दिवशी कळलं की भांडण ज्या बाईवरून झालं तिचं नाव ल्युसील. तेव्हापासून गिटारीचं नाव ल्युसील, असा मूर्खपणा पुन्हा करू नये याची आठवण म्हणून. आपल्याकडे मंडपात शेकोटी घेऊन बसणाऱ्यांना मी हे दरवर्षी सांगतो.

आणि हेन्ड्रिक्सबद्दल एकच. वुडस्टॉकला, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या मोठ्या जत्रेला, चार लाखांच्या आसपास लोक जमले म्हणतात. हेन्ड्रिक्सचा नंबर शेवटचा, रविवारी रात्रीचा. उशीर होत होत तो स्टेजवर आला सोमवारी सकाळी, 18 ऑगस्ट 1969. तोवर बहुतेक जत्रा उठून गेली होती. म्हणजे झाडीपट्टीचा माणूस! पहाटेचा शेवटचा अंक, समोर चार म्हाताऱ्या नि झोपलेली पोरं, आणि नट जीव तोडून बोलतो आहे. मी त्याला पाच गुण दिले असते, पण जँगोला शब्द दिला होता.

तर आमची कीर्द चार माणसांची. मोठ्या लोकांची कीर्द बघा. 'रोलिंग स्टोन' नावाचं अमेरिकेतलं मासिक आहे, गिटारवाल्यांच्या याद्या काढतं. 2003 च्या यादीत एडी व्हॅन हेलन सत्तरावा होता. 2011 च्या यादीत आठवा. 2023 च्या यादीत चौथा. आता हा माणूस ज्या वाजवण्यासाठी ओळखला जातो ते 1978 सालीच बाजारात येऊन गेलं होतं. बोटं तीच, रेकॉर्ड तीच. 2020 साली तर तो वारला. सत्तराव्यावरून चौथ्यावर कोण चढलं मग? यादी करणारे बदलले, आणि त्यांची मोजपट्टी बदलली. सिस्टर रोझेटा थार्प ही बाई 1940 च्या दशकात देवाची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायची. 2003 च्या यादीत शंभरांत तिचं नाव नव्हतं. तेव्हा शंभरांत बायाच मुळी दोन होत्या. 2023 मध्ये ती पहिल्या दहांत. पन्नास वर्षांपूर्वी मेलेली बाई वीस वर्षांत सुधारली का? ऐकणाऱ्यांचा टेप सुधारला.

चिठ्ठी आली. "सर, पंधरा मिनिटे. ध्वनिवर्धक नाटकवाल्यांना पाहिजे." बघा, मी अजून शेअर बाजारात आलोच नाही. येतो. त्याआधी माझ्या मेव्हण्याचा कापूस, दोन मिनिटं. तो आवश्यक आहे.

मेव्हणा यवतमाळकडचा. 2021-22 च्या हंगामात त्यानं सीतादईची पूजा केली, वेचणी झाली तसा डिसेंबरात कापूस विकून मोकळा झाला. पुढे भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, काही ठिकाणी बारापर्यंत. महिनाभर तो माणूस जेवताना बोलला नाही. बहीण म्हणाली, "दादा, हे पोळीकडं पाहून कापसाचा भाव काढतात." पुढच्या साली त्यानं ठरवलं, कापसाचा हंगाम आपल्याला आता कळला, थांबायचं, उन्हाळ्यात विकायचं. समोरच्या खोलीत कापूस, मागच्या खोलीत कापूस, पोरांच्या अभ्यासाच्या खोलीत छतापर्यंत कापूस. झोपायला अंगण. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, भाव खाली खाली. मेमध्ये घरादाराला खाज सुटली, कापसातल्या किड्यांची. डॉक्टरकडे गेले तर तिथे रांगेत अर्धं गाव खाजवत बसलेलं. सगळ्यांनी तोच हंगाम ओळखला होता ना! शेवटी सात हजारांच्या आसपास विकला, आणि मलमाचा खर्च वेगळा. एका सालचा भाव म्हणजे हंगाम नव्हे हे त्याला आता कळतं. दहा साल सारखे गेले असते तरी का गेले हे विचारावंच लागतं, हे त्याला अजून पटत नाही. तो भेंडवळच्या घटमांडणीवर जास्त भरवसा ठेवतो. आणि मी त्याला नावं ठेवत नाही. भेंडवळ निदान अक्षय तृतीयेला वर्षातून एकदा बोलतं. टीव्हीवरचे रोज सकाळी नऊला घट मांडतात.

आता शेअर बाजार. पळतो.

सगळ्यात प्रसिद्ध म्हण लंडनची : मे महिन्यात विका आणि निघून जा. लोक अर्धीच सांगतात. पुढे होतं, आणि सेंट लेजरच्या दिवशी परत या. सेंट लेजर म्हणजे डॉनकास्टर गावची घोड्यांची शर्यत, 1776 पासून चालू, सप्टेंबरात असते. म्हणजे त्यांचा शंकरपट! बडे लोक उन्हाळ्यात गावाकडे जात, शर्यत बघून शहरात परतत, तोवर बाजार सुस्त. म्हणीमागे कारण होतं, माणसं सुटीवर. आपल्याकडे मे महिन्यात ब्रह्मपुरीला पारा सेहेचाळीसच्या पुढे जातो. जाणार कुठे? घरातच कूलरसमोर बसून मोबाईलवर जास्त सौदे करतो.

पण ही म्हण नुसती थाप नाही, हेही सांगितलं पाहिजे. 2002 साली बाउमन आणि याकॉब्सन या दोघांनी 37 देशांचे आकडे तपासले, आणि 36 देशांत नोव्हेंबर ते एप्रिलचा परतावा मे ते ऑक्टोबरपेक्षा जास्त निघाला. नोव्हेंबर ते एप्रिल! हा तर नाटकाचा हंगाम झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मध्यरात्री बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, तुमचे सहा नाटकांचे पैसे आले का? कारणावर मात्र तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. कोणी सुट्या म्हणतं, कोणी थंडीतला अंधार म्हणतं. धानासारखं बोट ठेवून दाखवता येत नाही.

दुसरा, जानेवारीचा हंगाम. अमेरिकेत 1942 साली सिडनी वॉक्टेलनं दाखवलं की लहान कंपन्यांचे शेअर जानेवारीत चढतात. याचं कारण बरंच सापडलं. त्यांचं कराचं वर्ष डिसेंबरात संपतं, म्हणून तोट्यातले शेअर डिसेंबरात विकून कर वाचवतात आणि जानेवारीत परत घेतात. मग आपलं कराचं वर्ष कधी संपतं? 31 मार्चला. म्हणून हा खेळ आपल्याकडे मार्चमध्ये. सोसायटीतही तेच, 31 मार्चच्या आत पीककर्जाचं नवं-जुनं करायला माणूस काय काय विकतो, कोणाकडून हातउसने घेतो, हे मी एकतीस वर्षं खिडकीतून पाहिलं. म्हणून मार्चमधल्या विक्रीला मी हंगाम म्हणतो. कोणाचा खिसा, का रिकामा, दोन्ही ठाऊक.

आता आपला मे महिना. 17 मे 2004, निवडणुकीचा निकाल लागून नवं सरकार यायचं होतं, सेन्सेक्स एका दिवसात अकरा टक्क्यांहून जास्त पडला, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. 18 मे 2009, पुन्हा निकालानंतरचा सोमवार, सेन्सेक्स सतरा टक्के चढला आणि त्या दिवशीचा बाजार बंद करावा लागला. महिना तोच, कारण तेच, एक तळात आणि एक आभाळात. या दोघांची सरासरी काढून 'मे महिन्याचा स्वभाव' म्हणून कोणी तक्ता दाखवला तर तो आमची कीर्द आहे. ऑक्टोबरची भीतीही तशीच. 1929 ची पडझड, आणि 19 ऑक्टोबर 1987 ला अमेरिकेचा डाऊ निर्देशांक एका दिवसात 22.6 टक्के पडला, म्हणून महिना बदनाम. अमेरिकेत सरासरीनं सगळ्यात वाईट महिना मात्र सप्टेंबर आहे, पण त्याच्या नावाची म्हण कोणाला तोंडपाठ नाही.

आकडे पुरेसे चाळले की हवा तो हंगाम काढता येतो. डेव्हिड लाइनवेबर नावाच्या माणसानं गंमत म्हणून दाखवलं की बांगलादेशातल्या लोण्याच्या उत्पादनावरून अमेरिकेच्या बाजाराची चढउतार 75 टक्के जुळते. त्यात अमेरिकेचं चीज आणि दोन्ही देशांतल्या मेंढ्या मिळवल्या तर 99 टक्के! लोणी, चीज, मेंढ्या. आपले दोन धनगर बसवले तर शंभर होतील.

न खाल्लेली कॅसेट इथेही आहे. 1986 साली सेन्सेक्स सुरू झाला तेव्हाच्या तीस कंपन्यांपैकी बहुतेक आज त्यात नाहीत. आजच्या तीस घेऊन मागचे तीस वर्षांचे हंगाम काढाल तर बुडालेल्यांच्या कॅसेटा तुम्ही ऐकलेल्याच नसतील.

आणि समजा हंगाम खरा निघाला, तरी भोंगा आहेच. आज सकाळच्यासारखा. मॅक्लीन आणि पाँटिफ यांनी 2016 साली असे 97 नमुने तपासले, कोणी ना कोणी अभ्यासकानं शोधून छापलेले. छापून आल्यावर त्यांचा फायदा 58 टक्क्यांनी घटलेला. वडशाला वांगी महाग आहेत असं भोंग्यावर सांगितलं की दुसऱ्या दिवशी वडशात वांगीच वांगी.

मुहूर्ताचे सौदे राहिले. मुंबईत 1957 पासून दिवाळीला होतात. तासाभराचा बाजार, सगळे शकुनाला थोडं थोडं घेतात, मग तो वर नाही जाणार तर काय? ते लक्ष्मीपूजन आहे, त्याला गुंतवणूक म्हणू नका.

उठताय कुठे, एक प्रश्न घेतो. मागून कोण? "सर, मंग मे महिन्यात विकायचं का नाही?"

बाळा, गणित कर. नोव्हेंबरात घेतलेलं मेमध्ये विकलं तर झाले सहा महिने. बारा महिन्यांच्या आतलं म्हणजे नफ्यावर 20 टक्के कर, दरवर्षी, न चुकता. तेच वर्षाच्या पुढे ठेवलं तर सव्वा लाखापर्यंतचा नफा सुटतो आणि वरच्यावर साडेबारा. म्हणजे तुझ्या हंगामाला आधी हे अंतर भरून काढावं लागेल, वर दलाली, वर तुझी झोप. लंडनचे लोक शर्यत बघायला जायचे म्हणून विकायचे. तुला कुठे जायचं आहे?

"आणि सर, सगळ्यात मोठा गिटारवाला कोण?"

हे कोणी विचारलं? ऑक्टोपॅडवाल्याचा मुलगा ना तू? ओळखलं. तुझा बाप अजून हेन्ड्रिक्सच म्हणतो का? ती कीर्द माझ्याकडे आहे, उद्या घरी ये, टपरीवाल्याच्या अंगठ्यासकट दाखवतो. त्यात एक पान कोरं आहे. तुझी पाच नावं—

थांबा. ऐकू आलं? पडद्यामागून ऑर्गनचा सूर, काळी चार. आमचे मास्तरच आहेत, आजही तेच बसले आहेत. हा सूर नाटकाचा नाही, माझ्यासाठी आहे. चौदा वर्षांत मी लांबवायला लागलो की ते असाच द्यायचे. उतरतो जी.